माळ्यावरील तबकडी

घरांतील एखादा माणूस 'गाण्यांतला' म्हणून ओळखला जाऊं लागला, म्हणजे त्याची स्थिति मोठी चमत्कारिक होते. त्याला गातां येवो वा न येवो, मंगलाष्टकें कोणीं म्हणावीं, गणपतीपुढें कोणत्या मुलीला गाण्यास बसवावें, दुरुस्त होऊन आलेल्या पेटीचे सूर बरोबर लागले आहेत कीं नाहींत, या सर्व प्रश्नांचा निकाल त्यानेंच द्यावयाचा असतो. आमच्या ठाण्याच्या घरांत हा मान गेलीं चाळीस वर्षें आमच्याकडे चालत आला आहे. बारा वर्षें एका वृद्ध गुरुजींच्या पायांशीं बसून ख्याल शिकल्यावरहि आम्ही गवई कांहीं झालों नाहीं; निकाल देण्याची संवय तेवढी पक्की झाली. त्या निकालांपैकीं एकाविषयीं येथें लिहावयाचें आहे. तो आम्हीं सन २००३ मध्यें दिला, आणि तो चुकीचा होता.

गेल्या दिवाळीच्या आधीं घराची साफसफाई चालली होती. आमच्या गुडघ्यांमुळें माळ्यावर चढण्याचें काम नातवाकडे, आणि खालीं उभें राहून 'हें ठेव, तें टाक' असें सांगण्याचें काम आमच्याकडे. तांब्याचा बंब, पाळण्याच्या साखळ्या, दिवाळी अंकांचे वाळवी लागलेले गठ्ठे, असा सर्व संसार खालीं उतरत असतां एक कापडी पिशवी आली. तींत गिटारच्या तारांची एक न उघडलेली पुडी होती आणि एक चकचकीत तबकडी होती. तबकडीवर काळ्या शाईनें, आमच्या पुतण्याच्या किरट्या अक्षरांत, 'गॉरगट्स, ऑब्स्क्यूरा, १९९८' असें लिहिलेलें होतें. तें वाचतांच आम्ही तेथल्या तेथें स्टुलावर बसलों. सौभाग्यवतींस वाटलें, गुडघा दुखला.

पुतण्या तेव्हां वीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून त्यानें एक गिटार घेतली होती. धोबीतलावच्या रंगभवनांत त्या काळीं स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या जातीच्या संगीताचे जलसे होत, तेथें तो मित्रांबरोबर जाई आणि शेवटच्या गाडीनें परत येई. हें सर्व घरानें सोसलें. परंतु त्या वर्षीं त्याचे दोन विषय राहिले, आणि आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, सर्वांस मधल्या खोलींत बोलाविलें. दादा न्यायी होते. त्यांनीं मुलावर हात उगारला नाहीं कीं आवाज चढविला नाहीं. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "तूं गाण्यांतला आहेस. हा रात्रंदिवस जें ऐकतो तें संगीत आहे कीं नाहीं, एवढेंच मला सांग. असेल तर मी एक शब्द बोलणार नाहीं."

मुलानें मोठ्या आशेनें ही तबकडी लावली. आपल्या संग्रहांतील सर्वांत उत्तम वस्तु त्यानें आमच्यापुढें ठेविली होती, हें आज कळतें. त्या वेळीं आम्हांला लोखंडी सामानाची हातगाडी जिन्यावरून खालीं सोडल्यासारखें वाटलें. सुमारें तीन मिनिटांनीं आम्हीं हात वर केला आणि म्हणालों, "बंद कर. हें संगीत नव्हे."

त्यानें आपली बाजू मांडून पाहिली. ज्या चौघांनीं हें केलें त्यांना कंपनीनें सोडून दिलें होतें, तरी वर्षानुवर्षें ते कोणीं न मागितलेलें हें संगीत बसवीत राहिले, असें तो सांगूं लागला. दादांनीं शांतपणें विचारलें, "मग पोट कशावर भरत होते?" याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. आठवड्याच्या आंत गिटार विकली गेली.

यापुढें कांहीं तरी भयंकर घडलें असेल अशी ज्या वाचकांची अपेक्षा असेल त्यांची निराशा होईल. मुलगा पास झाला, नोकरीला लागला, बंगळूरास स्थायिक झाला. सून सुस्वभावी आहे. सणावारीं येतो, वांकून नमस्कार करतो, आमच्या गुडघ्यांची चौकशी करतो. मात्र वीस वर्षांत आम्हां दोघांमध्यें संगीत हा शब्द निघाला नाहीं. दादा २०१६ सालीं गेले.

तबकडी सांपडल्यावर दुसऱ्या दिवशीं दुपारीं सर्वांस निजूं दिलें आणि जुन्या यंत्रावर ती लावली. उद्देश एवढाच कीं निदान या खेपेस ती शेवटपर्यंत ऐकावी. बारा गाणीं, आणि तास जवळजवळ पुरा. त्या पहिल्या दुपारचा अनुभव प्रामाणिकपणें सांगावयाचा तर निकाल कायम राहिला. आमची अडचण वेगाची नव्हती; द्रुत तराणे आम्हीं पुष्कळ ऐकले आहेत. अडचण ही कीं त्यांत षड्ज नव्हता. पन्नास वर्षें तंबोऱ्याखालीं बसलेला कान कोठेंहि गेला तरी प्रथम 'सा' शोधतो, आणि तो सांपडला कीं मग बाकीच्या स्वरांना ओळख देतो. येथें दोन गिटारी एकमेकींस खेटून असलेले स्वर एकदम वाजवितात. पेटीवर षड्ज आणि कोमल रिषभ एकाच वेळीं दाबून पाहावे, म्हणजे त्या खरखरीची कल्पना येईल. मध्येंच तारेवर पट्टी घासल्यासारखी किंकाळी उठते. कान दारोदार फिरतो आणि प्रत्येक दार बंद.

परंतु दुसऱ्या गाण्यांत, 'अर्थली लव्ह' असें त्याचें नांव आहे, एके ठिकाणीं गजानें वाजविलेल्या तारेचा स्वर आला. आम्ही दचकलों. एवढ्या कल्लोळांत हें कोण? तो व्हायोला होता, व्हायोलिनची थोरली बहीण म्हणावी असें वाद्य. ज्याला हें वाद्य हातीं धरतां येतें तो मनुष्य नुसता धुडगूस घालण्यासाठीं बसलेला नाहीं, एवढें तरी कबूल करणें भाग होतें. तिसऱ्या दिवशीं आम्हीं पुन्हा ऐकलें.

या ठिकाणीं थोडा इतिहास दिला पाहिजे. तो आम्हांस अर्थात् मागाहून कळला. डेथ मेटल हा प्रकार गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत अमेरिकेंत उदयास आला. फ्लॉरिडांतील 'डेथ' नांवाच्या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका १९८७ ची. खर्जांत उतरविलेल्या गिटारी, दोन्ही पायांनीं बडविले जाणारे ड्रम, मनुष्याचा न वाटणारा घोगरा आवाज आणि मृत्यूचीं, प्रेतांचीं वर्णनें, हें त्याचें मूळ स्वरूप. पुढें १९९० च्या सुमारास या मंडळींपैकीं कांहींना नुसत्या वेगाचा आणि भीतीचा कंटाळा आला असावा. 'डेथ', 'एथिइस्ट', 'सिनिक' या फ्लॉरिडाच्याच संचांनीं त्यांत विषम मात्रांचीं चक्रें, क्षणोक्षणीं पालटणारी लय, जाझमधील अवघड स्वरसंगति, असें बरेंच कांहीं आणिलें. या शाखेला 'तांत्रिक' असें विशेषण लागलें. आमच्या सौभाग्यवतींनीं या शब्दाचा अर्थ प्रथम भलताच घेतला होता.

गॉरगट्स हा संच कॅनडांतील क्वेबेक या फ्रेंच भाषेच्या प्रांतांतला, शेरब्रूक गांवचा, १९८९ चा. (नांवाचा अर्थ सांगण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं, या पंथांतील लोक आपलीं नांवें मुद्दामच ओंगळ ठेवतात.) १९९१ व १९९३ सालीं त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि मग कंपनीनें त्यांचा हात सोडला. त्यानंतरच्या चार वर्षांत प्रमुख ल्यूक लमे आणि दुसरा गिटारवादक स्टीव हर्डल यांनीं पूर्वीची सर्व पद्धत टाकून देऊन नवी भाषा बनवावयास घेतली. बेसवर स्टीव क्लूतिए, आणि ड्रमवर शेवटीं पॅट्रिक रॉबेर. ध्वनिमुद्रण १९९७ त झालें, तबकडी १९९८ त बाहेर पडली. लमे यानें व्हायोलाचें व रचनाशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलेलें. पोलंडचे पेंडेरेत्स्की आणि रशियाचे शोस्टाकोविच हे त्याचे आदर्श. एवढें आधीं ठाऊक असतें तर २००३ सालीं आम्हीं तरी जरा सांवरून बसलों असतों. आमच्यासारख्यांना कानांपेक्षां प्रमाणपत्र लवकर पटतें.

खरा उजेड पडला तो सहाव्या गाण्यानें. 'क्लाउडेड' हें नऊ मिनिटांहून मोठें आणि अतिशय संथ आहे. एकेक आघात दगडासारखा खालीं ठेवावा, त्याचा नाद विरूं द्यावा, मग दुसरा ठेवावा, अशी त्याची चाल. आमचे गुरुजी म्हणत कीं रागाची ओळख विलंबितांत करून घ्यावी, द्रुतांत फक्त भेट होते. तसेंच झालें. त्या संथ गतींत प्रथमच दिसलें कीं हे कर्कश स्वर वाटेल तसे पडलेले नाहींत. एक आकृति आहे, ती पुरी होते, पुन्हा सुरू होते, आणि त्या आकृतीचा शेवट कोठें आहे हें चौघांनाहि ठाऊक आहे. षड्ज नाहीं हें खरें, परंतु सम आहे. मग आम्हीं वही-पेन्सिल घेतली आणि पहिल्या गाण्यापासून पुन्हा सुरुवात केली. जेथें ओळखीची आकृति परत येईल तेथें खूण करावयाची. पहिल्या गाण्यांतच अनेक खुणा झाल्या. ज्याला आम्हीं हातगाडी म्हटलें होतें ती प्रत्येक वेळीं त्याच पायऱ्यांवरून, त्याच क्रमानें उतरत होती.

आतां गाणाऱ्याच्या आवाजाविषयीं. हा घोगरा ध्वनि गळा फोडून काढीत नाहींत. खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या बाजूस जे पडदे असतात त्यांचा त्यांत उपयोग होतो, आणि तिबेटांतील लामांच्या खर्जांतल्या मंत्रपठणाचें तंत्रहि याला फार दूरचें नाहीं. हें सर्व समजून घेतलें. तरीहि तो आवाज आम्हांला आवडला नाहीं, आजहि आवडत नाहीं. शब्द तर एकहि कळला नाहीं. पण तें दूषण म्हणून सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, कारण गुरुजींच्या विलंबित ख्यालांतले शब्दहि आम्हांला बारा वर्षांत पुरते कळले नव्हते. शिवाय एक तास हा अवधि जास्त आहे. आठव्या गाण्याच्या सुमारास कान शिणतो आणि चांगलें वाईट सारखेंच लागूं लागतें. एक-दोन गाणीं गाळलीं असतीं तर हा संग्रह अधिक बळकट झाला असता, असें आमचें नम्र मत आहे. पुतण्याला तें मान्य नाहीं.

पुतण्याला दूरध्वनि करण्यास आठ दिवस लागले. आरंभीं गुडघ्यांचें झालें, हवापाण्याचें झालें. मग आम्ही म्हणालों, "तुझी ती तबकडी सांपडली. ऐकतों आहें." पलीकडे कांहींच आवाज नाहीं. ती शांतता भरून काढण्याच्या घाईंत आम्हीं आपली सर्व विद्वत्ता ओतली: षड्ज, सम, विलंबित, वहींतल्या खुणा. विशेषतः चौथ्या गाण्यांत एकच तुकडा झपाट्यानें पुन्हा पुन्हा येऊन मग एकदम पुढें सुटतो, ती तिहाईसारखी करामत आम्हांस फार आवडल्याचें सांगितलें. "दरवेळीं अगदीं तस्सा येतो रे. हा अपघात नव्हे. जें तंतोतंत परत येतें तें रचलेलेंच असलें पाहिजे."

"काका," तो म्हणाला, "तेथें तबकडीला ओरखडा आहे. मी कॉलेजांत असल्यापासून ती तेथें अडकते."

आणि तो हंसला. आम्हीं त्याचें हंसणें पुष्कळ ऐकलें आहे, पण तें सणावारचें. हें त्या आधींचें होतें.

आमचा सिद्धान्त मात्र पार कोसळला. ओरखडाहि तंतोतंत परत येतो. मग ओरखडा आणि रचना यांत भेद काय? आम्हीं खरोखरच विचारलें. त्यानें थोडा विचार करून सांगितलें, "ओरखडा नुसता परत येतो, काका. हे लोक परत येतांना कांहीं तरी बदलून येतात. तुम्ही फक्त गिटार ऐकतां. तीच गिटार पुन्हा आली कीं खालीं ड्रम काय करतो तें बघा." हें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांस तबल्याविषयीं शंभर वेळां सांगितलेलें आहे.

मग आम्ही म्हणालों, "त्या दिवशीं मीं तीनच मिनिटें ऐकलें होतें."

"पहिलें गाणें चार मिनिटांचें आहे," तो म्हणाला. "तें तुम्हीं पुरें होऊं दिलें नाहीं." आवाजांत राग नव्हता, हिशेबांतली चूक दाखवावी तसा तो बोलला. यावर काय बोलावें हें न सुचून आम्हीं गाडीचें आरक्षण झालें का, असें विचारलें.

नरकचतुर्दशीच्या दुपारीं, फराळानें जड होऊन घर निजलें असतां, आम्ही दोघे मधल्या खोलींत बसलों. ओरखडा नसलेली प्रत त्यानें आपल्या दूरध्वनियंत्रांत आणली होती. हेडफोनचा एक भाग त्याच्या कानांत, एक आमच्या, असें पहिलें गाणें ऐकलें. तें या खेपेस पुरें झालें. मग वहिनींची झोंप मोडणार नाहीं इतका आवाज ठेवून आम्हीं उघड्यावरच लावलें. आम्ही मांडीवर मात्रा मोजीत होतों आणि वरचेवर चुकत होतों. तो मोजीत नव्हता. त्याचा डावा हात गुडघ्यावर पालथा पडलेला होता, आणि त्याचीं बोटें एकामागून एक दाबलीं जात होतीं. वीस वर्षांत त्या हातांत गिटार आलेली नाहीं. त्याला बहुधा हें कळतहि नव्हतें. आम्हीं मान वळविली.

वहिनींची झोंप मोडलीच. त्या दारांत उभ्या राहिल्या. "तेंच का हें?" त्यांनीं विचारलें. मुलगा बंद करावयास गेला तर "राहूं दे" म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या. व्हायोला आला तेव्हां त्यांनीं सारंगी कां म्हणून विचारलें; बाकी कांहीं बोलल्या नाहींत. गाणें संपल्यावर त्या इतकेंच म्हणाल्या, "नऊ हजारांना घेतली होतीस. साडेतीन हजारांना गेली." कोणालाहि आठवत नव्हता असा हा आंकडा त्यांनीं वीस वर्षें सांभाळला होता.

दादांच्या प्रश्नाचें उत्तरहि त्या दुपारीं कळलें. लमे सुतारकाम करतो. लांकडी सामान बनवितो. पुतण्यानें तें सहज सांगितलें. दादांना लांकूडकामाचा मोठा शौक होता. आमच्या बैठकींतील शिसवी टेबल त्यांच्याच हातचें आहे. हें उत्तर २००३ सालीं कोणाला ठाऊक असतें, तर त्या खोलींतलें बोलणें निराळ्या वाटेनें गेलें असतें कीं काय, हा विचार आमच्या मनांत अजून येतो. हर्डल २०१२ सालीं वारला. ज्या ध्वनिमुद्रिकेची प्रथम थोड्यांनींच कदर केली, तिचा ठसा आज न्यूझीलंडच्या 'अल्सरेट'सारख्या संचांच्या वादनांत स्पष्ट ऐकूं येतो. गॉरगट्सनें १९५० च्या चामडोच्या लढाईवर तंतुवाद्यांची एक रचना केली आणि ती तिबेटविषयक २०१३ च्या संग्रहांत घातली. ती आम्हीं वहिनींनाहि ऐकविली, व ती त्यांना आवडली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं तो निघाला तेव्हां आम्हीं ती तारांची पुडी त्याच्यापुढें धरली. त्यानें ती उलटसुलट करून पाहिली, वरची किंमत वाचली आणि म्हणाला, "या आतां गंजल्या असतील, काका." मग ती शिसवी टेबलावर ठेवून बूट घालूं लागला. गाडी फलाटावरून हलल्यावर त्याचा निरोप आला: गॉरगट्सची २०१६ ची एक रचना पाठविली आहे, ती ऐकावी. सबंध ध्वनिमुद्रिका म्हणजे तेहतीस मिनिटांचें एकच गाणें, आणि विषय बगदादचें ज्ञानगृह, ज्या नगरींतून आपले अंक पश्चिमेकडे गेले तेथलें. रोज दुपारीं आम्ही तें लावतों. अकराव्या मिनिटापलीकडे अद्याप आमचा नीट प्रवेश झालेला नाहीं. टेबलावरची पुडी तेथेंच आहे. वहिनी धूळ पुसतांना ती उचलतात आणि पुन्हा जागच्या जागीं ठेवतात.